समुद्रावरची वाट आणि सोलापूरचा माणूस

होटगीहून आम्ही बोलतोय. गेल्या महिन्यात आपण चूल आणि गॅसच्या इतिहासावर बोललो. आजचा विषय आहे बोट. तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायांनी समुद्राच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? आपल्याला मोठं पाणी माहीत आहे ते उजनी धरणाचं, नाहीतर आषाढीला दिसणारं चंद्रभागेचं. पण या गोष्टीत सोलापूरचा एक माणूस आहे. आणि आपल्या गटांनी मनात धरून ठेवावा असा एक धडाही आहे.

अलीकडे मोबाईलवर क्रूझच्या जाहिराती दिसतात. पांढरीशुभ्र बोट, वर पोहण्याचा हौद, रात्री दिव्यांची रोषणाई, किनाऱ्यावर नारळीची झाडं, मध्येच एखादं बेट. २०१८ साली मुंबई ते गोवा अशी ‘आंग्रिया’ नावाची बोट सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो झळकले. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, रात्रभर समुद्रावर राहायचं, सकाळी गोवा. काही वर्षांतच ती बंद पडली. लोकांना वाटलं, समुद्रातून गोव्याला जाणं हे काहीतरी नवीनच निघालंय. नवीन काहीच नव्हतं. याच किनाऱ्याने, याच पाण्यातून, शंभर-सव्वाशे वर्षं साध्या माणसांच्या बोटी जात होत्या. फरक एवढाच की तेव्हा माणसं हौसेने नव्हे, गरजेने बोटीत बसत. आपण एसटीत बसतो तशी.

आधी कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणू या. आपल्याकडे जमीन सपाट. होटगीहून बैलगाडी हाकली तर अक्कलकोटला, सोलापूरला, विजापूरला कुठेही जाता येतं. कोकणात एका बाजूला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीला दर काही कोसांवर खाडीने चिरलेलं. एका गावाहून शेजारच्या गावाला जायचं तरी मध्ये खाडी आडवी. तरीतून पलीकडे जायचं, डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा खाडी. पूल नव्हते, तेव्हा जमिनीवरचा रस्ता हाच अडथळा होता आणि समुद्र हीच वाट होती.

त्या वाटेवर पूर्वी शिडाची जहाजं चालत. गलबतं, मचवे, पडाव. वारा अनुकूल असला तर बरं, नाहीतर एखाद्या बंदरात दिवसच्या दिवस पडून राहायचं. आपला मुलूखही या वाटेपासून अगदी तुटलेला नव्हता. आपल्या होटगीहून निघणारी गाडी विजापूरला जाते. त्या विजापूरच्या आदिलशाहीचं मोठं बंदर होतं कोकणातलं दाभोळ. घोडे, कापड, मसाले तिथून यायचे-जायचे, हजचे यात्रेकरू तिथून निघायचे. दाभोळला खाडीच्या काठावर एक देखणी जुनी मशीद आहे. विजापूरची एक राजकन्या हजला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण पुढचा प्रवास होऊ शकला नाही, म्हणून बरोबर आणलेल्या पैशांतून तिने ती मशीद बांधवली, अशी कथा तिथले लोक सांगतात. कथेत खरं किती आणि जोडलेलं किती, ते बाजूला ठेवू. देशावरची एक बाई समुद्राच्या काठापर्यंत जाऊन थांबली, ही गोष्ट लोकांनी साडेतीनशे वर्षं जपून ठेवली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाफेवर चालणाऱ्या बोटी आल्या. आत आग पेटवून चालणारी म्हणून लोकांनी तिला नाव दिलं आगबोट. तिला वाऱ्याची वाट बघावी लागत नव्हती. ठरल्या दिवशी, साधारण ठरल्या वेळी ती येई. कोकणच्या माणसाला हे मोठंच नवल होतं. आपल्याकडे जे आगगाडीने केलं, तेच तिकडे आगबोटीने केलं.

आगगाडीचंच बघा. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. पुढे ती रायचूरकडे गेली, आणि १८८० च्या दशकात होटगीहून विजापूर, बागलकोट, गदगकडे जाणारा फाटा निघाला. मोठ्या रुळांची गाडी सोडून लहान रुळांच्या गाडीत बसायचं ठिकाण म्हणून होटगी जंक्शन झालं. १८७७ साली सोलापुरात कापडाची गिरणी उभी राहिली, तिला आपण अजून जुनी गिरणी म्हणतो. पोटासाठी माणसं तेलंगणातून, कर्नाटकातून, आसपासच्या दुष्काळी खेड्यांतून गाडीने सोलापुरात आली. तिकडे मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं बोटीने मुंबईला गेली. रुळांवरून जा की लाटांवरून जा, जाणारा माणूस एकाच जातीचा होता. घरची जमीन पुरत नाही म्हणून निघालेला.

आता हा प्रवास कसा होता ते सांगतो. मुंबईत बोट सुटायची भाऊच्या धक्क्यावरून. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनी १८४० च्या सुमारास समुद्रात भराव घालून हा धक्का बांधला आणि लोकांनी त्याला त्यांचंच नाव दिलं. तिथून बोट दक्षिणेला निघाली की हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीपर्यंत जाई. वाटेत किल्ले दिसत. अलिबागसमोर कुलाबा, पुढे मुरूडचा जंजिरा, हर्णेचा सुवर्णदुर्ग, मालवणच्या बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग. आज हेच किल्ले बघायला लोक पैसे मोजून जातात. त्या काळचा प्रवासी मात्र किल्ला बघून एवढंच म्हणे, आलं आपलं बंदर, उठा, बोचकी आवरा.

बोटीत थोड्या लोकांसाठी खोल्या असत. बाकी सगळे डेकवर. डेक म्हणजे उघडी फळी. जागा धरायची, वळकटी पसरायची, ट्रंकेला टेकून बसायचं. कुणाबरोबर कोंबड्या, कुणाबरोबर आंब्याच्या पेट्या, कुणाबरोबर तान्हं मूल. बोट हलू लागली की बायांना उलट्या होत. त्याला ‘बोट लागणं’ म्हणत. आपल्याकडे घाटात गाडी लागते, तसंच.

सगळ्यात अवघड काम होतं चढणं आणि उतरणं. बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागतच नसे, कारण पाणी उथळ. ती लांब खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून लोकांना होड्यांत, पडावांत भरून तिच्यापर्यंत न्यायचं. मग हलत्या होडीतून हलत्या बोटीच्या शिडीवर पाय ठेवायचा. लाट वर आली की उडी, लाट खाली गेली की थांबायचं. नऊवारी लुगडं, कडेवर पोर, हातात गाठोडं, आणि खाली काळं पाणी. खलाशी वरून हात देत, पोरं अलगद झेलून घेत. अंधारात, पहाटेच्या वेळी हे सगळं कंदिलाच्या उजेडात चाले. मैत्रिणींनो, धाडसी बायांची यादी करायची झाली तर त्यात या बाया घातल्या पाहिजेत. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

आणखी एक. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून लांबच्या फेऱ्या मे अखेरीला बंद होत, त्या नारळी पौर्णिमेनंतर केव्हातरी पुन्हा सुरू. म्हणजे मेच्या शेवटच्या बोटीने नवरा मुंबईला गेला की तीन-साडेतीन महिने वाट बंद. पत्र आणि मनिऑर्डर डोंगरवाटेने येई, माणूस येणं कठीण. भात लावणीची सगळी धांदल, आजारपणं, बाळंतपणं बायांनी एकटीने निभवायची. कोकणातल्या घरांचं वर्ष कॅलेंडरच्या आधी बोटीवर चाले.

आता मुद्द्याकडे वळू. ही बोट कुणाची होती?

सुरुवातीला बोटी इंग्रज कंपन्यांच्या, किंवा इंग्रज व्यवस्थापनाखालच्या. भाडं ते ठरवणार, किती माणसं कोंबायची तेही तेच ठरवणार. १८८८ च्या नोव्हेंबरात गुजरातच्या किनाऱ्यावर ‘वैतरणा’ नावाची बोट कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे येताना वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. तिच्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेली मुलं होती. सातशेहून अधिक माणसं गेली असं सांगतात. नेमका आकडा आजही एकमताने सांगता येत नाही. बोटीवर जीव वाचवायची साधनं अपुरी होती, हे चौकशीत पुढे आलं. सौराष्ट्रात या बोटीवर गाणी झाली, बाया ती अजून गातात. दिवे विजेचे, पण बुडताना धरायला पुरेसं काही नाही, अशी ती बोट होती.

पुढे स्वदेशीची चळवळ आली. परदेशी कापडाची होळी आपल्याला शाळेत शिकवतात. पण स्वदेशी बोटी निघाल्या होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. तमिळनाडूच्या तुतिकोरीन बंदरात व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै नावाचे वकील होते. लोकमान्य टिळकांना मानणारे. त्यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली. पंचवीस-पंचवीस रुपयांचे शेअर विकून पैसा उभा केला, दोन बोटी आणल्या आणि तुतिकोरीन ते कोलंबो चालवल्या. त्या मार्गावर आधीपासून असलेल्या बलाढ्य इंग्रज कंपनीने काय केलं? भाडं उतरवलं. स्वदेशी कंपनीनेही उतरवलं. मग इंग्रज कंपनीने चक्क फुकट न्यायला सुरुवात केली, वर प्रवाशाला एक छत्री भेट! लोकांच्या छोट्या कंपनीला हे परवडेना. १९०८ मध्ये सरकारने पिल्लैंना राजद्रोहाखाली तुरुंगात घातलं, तिथे त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपलं. कंपनी बुडाली, आणि त्या बोटीही विकल्या गेल्या.

आपल्या कोकणातही त्याच हवेत एक कंपनी निघाली. तिच्या नावात ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह’ असे शब्द होते. पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोक तिला म्हणू लागले ‘माझी आगबोट कंपनी’. हे नाव आम्हाला फार आवडलं. सरकारी नाही, साहेबाची नाही, माझी. बोटींना नावंही कशी, तर साधुसंतांची. माणसाने भरवशाने पाय ठेवावा म्हणून.

आता येतो आपला सोलापूरचा माणूस. वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. गुजराती जैन घराणं, व्यापार कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण सोलापूरच्या शाळेत, मग पुढे मुंबई, पुण्याला. घरच्या पेढीवर त्यांचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेत कारकून असलेले गृहस्थ ठेकेदारीत उतरले होते, त्यांच्याशी वालचंदांनी भागी केली. आपल्या बार्शीच्या छोट्या रेल्वेचं काम त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. म्हणजे हा माणूस जमिनीवरचा, रूळ, माती आणि खडीचा.

१९१९ साली पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे ‘लॉयल्टी’ नावाची मोठी बोट होती. मुळात ती कॅनडा आणि चीन-जपानच्या फेऱ्या करणारी प्रवासी बोट, नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. महाराजांनी ती युद्धात जखमी सैनिकांसाठी दवाखाना म्हणून चालवली. युद्ध संपल्यावर ती विकायची आहे, असं वालचंदांना कळलं. जहाजांतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण हिंदुस्थानातला माल आणि माणसं हिंदुस्थानी बोटींतून का जाऊ नयेत, हे त्यांना कळत होतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मुंबईच्या मंडळींना त्यांनी बरोबर घेतलं, बोट विकत घेतली, आणि शिंद्यांची बोट म्हणून कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. वालचंद स्वतः तिच्यात होते. तो दिवस म्हणून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन असतो. पुढच्या ५ एप्रिलला शाळेतल्या मुलांना विचारा, हा दिवस सोलापूरच्या माणसामुळे आला हे माहीत आहे का?

सगळं सोपं झालं असं मात्र समजू नका. ‘लॉयल्टी’ जुनी होती, दुरुस्तीतच पैसा जाई, आणि काही वर्षांत ती मोडीत काढावी लागली. इंग्रज कंपन्यांनी इथेही तोच डाव टाकला. मालाची भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीने तोट्यात जाऊन दार बंद करावं. लॉर्ड इंचकेप नावाचे इंग्रज जहाजमालक कंपनीच विकत घ्यायला तयार होते. किलाचंद, मोरारजी, वालचंद यांनी ती विकली नाही. १९२३ मध्ये इंग्रज कंपन्यांशी करार करावा लागला. त्यात सिंदियाने किती बोटी ठेवायच्या यावर बंधनं आली, पण कंपनी जिवंत राहिली. हा करार गोड नव्हता. तुतिकोरीनच्या कंपनीला जे जमलं नाही ते, म्हणजे टिकून राहणं, तेवढं मात्र या करारामुळे जमलं. पुढे कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी जुनी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या हाती आली. म्हणजे एका काळी कोकणातली बाई ज्या बोटीच्या शिडीवर पाय ठेवत होती, तिच्या मालकीत आपल्या सोलापूरचा हात होता. वालचंदांनी विशाखापट्टणमला जहाज बांधायचा कारखाना काढला, तिथे बांधलेली ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडली. १९५३ साली वालचंद गेले. इंदापूर तालुक्यातलं साखर कारखान्याचं वालचंदनगर आपल्याला ठाऊक असतं, समुद्रावरचे वालचंद ठाऊक नसतात.

इथे गोष्ट संपवली असती तर गोड झाली असती. आपली बोट आली, आपला मालक आला, सगळं छान झालं. पण इतिहास पूर्ण सांगायचा तर पुढचंही सांगावं लागतं.

नोव्हेंबर १९२७ मध्ये कोकण किनाऱ्यावर मोठं वादळ झालं. त्यात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ नावाची बोट रेवसला निघाली. रेवस म्हणजे पलीकडचा, अलिबागजवळचा किनारा, दीड तासाचा प्रवास. गटारी अमावास्या तोंडावर होती, गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. मुंबईत काम करणारी माणसं, बाजारहाट करून परतणाऱ्या बाया, पोरंबाळं. अर्ध्या तासाने पाऊस आणि वाऱ्याचा जोर वाढला. लोक भिजू लागले तसे एका बाजूला सरकले, तेवढ्यात मोठी लाट आली, बोट कलंडली आणि बघता बघता खाली गेली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली.

त्या बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. मुंबई एवढी जवळ, तरी मुंबईला कळायला दुपार उलटली. कळलं ते पोहत किनाऱ्याला लागलेल्या प्रवाशांकडून. आणि ज्यांनी पहिल्यांदा माणसं वाचवली ती सरकारी बोट नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांच्या होड्या होत्या त्या. त्यांनी बुडणाऱ्यांना हात देऊन वर घेतलं. अलिबाग, रेवसकडच्या कितीतरी घरांत त्या वर्षी स्वातंत्र्याचा दिवा लागला नाही.

मैत्रिणींनो, ‘रामदास’ ही इंग्रज कंपनीची बोट नव्हती. ती ‘माझी आगबोट कंपनी’ची होती. नाव संताचं, कंपनी आपली, तरीही संदेश पाठवायचं यंत्र नाही. आम्हाला वाटतं, या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बोट परक्याची होती तेव्हा भाड्याचा जाच होता, म्हणून आपली बोट हवी हे बरोबरच होतं. पण आपली बोट झाली म्हणजे विचारणं संपलं, असं होत नाही. उलट आपल्या माणसाला विचारायला जीभ जड होते. साहेबाला प्रश्न विचारताना भीती वाटते, आपल्या माणसाला विचारताना भीड वाटते. माणसं दोन्हींनी बुडतात.

आपल्या गटांचंही असंच असतं. सावकाराच्या हातून सुटायला आपण बचतगट केला. आपली वही, आपली पेटी, आपली अध्यक्ष. मग कधी पासबुक महिनोन्‌महिने भरलेलं नसतं, कधी कर्ज कुणाला दिलं ते ठरावात लिहिलेलं नसतं. विचारायचं म्हटलं तर, जाऊ दे गं, आपलीच आहे ती. जिच्यावर विश्वास आहे तिला विचारणं म्हणजे तिचा अपमान नव्हे. बोट निघायच्या आधी शिडी, दोर, दिवा बघणं हे खलाशाचं कामच असतं, त्याने कप्तानाचा अपमान होत नाही.

आता या बोटींचं पुढे काय झालं? ‘रामदास’ बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी, १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. हळूहळू कोकणात सडका झाल्या, खाड्यांवर पूल बांधले गेले. बोटी तरी बरीच वर्षं चालू राहिल्या. ‘रोहिणी’, ‘सरिता’, ‘कोकणसेवक’ ही नावं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून येतात. एकेक बंदर बंद होत गेलं, शेवटी मुंबई-गोव्याची थेट बोटही थांबली. नव्वदच्या दशकात वेगाने जाणारी एक महागडी बोट काही वर्षं गोव्याला गेली, तीही बंद झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली आणि कोकणचा माणूस समुद्राकडे पाठ करून बसला.

सडक आणि रेल्वे आली हे चांगलंच झालं. पावसाळ्यात वाट बंद होत नाही, आजारी माणूस दवाखान्यात पोचतो. पण जिथे रेल्वे नाही, स्टेशन लांब आहे, अशा बंदरांच्या गावांचं काय झालं? दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड. एके काळी मुंबईची बोट दारात येई. आता आधी एसटी, मग रिक्षा, मग स्टेशन. बोट गेली तशी बंदराच्या धक्क्यावर भजी, चहा, नारळ विकणाऱ्या बायांची कमाई गेली, पडाव वल्हवणाऱ्यांचं काम गेलं.

आणि आता तीच वाट क्रूझ म्हणून परत येते आहे. आता बोटीवर यंत्रं आहेत, प्रत्येकाला जाकीट आहे, बोट सुटण्याआधी ते कसं घालायचं तेही शिकवतात. हे सगळं ‘विजळी’त आणि ‘रामदास’मध्ये बसलेल्या माणसांना मिळायला हवं होतं. ते मिळेपर्यंत बोटीत बसणारी माणसं बदलली. मात्र सगळंच तसं नाही. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून गाड्याही नेणारी मोठी बोट जाते, तीत अलिबागकडचे नोकरदार आणि साधी माणसंही बसतात. रेवसच्या बाजूला लहान लाँची आजही चालतात. म्हणजे ती वाट अगदी संपलेली नाही. वाट हौसेची ठेवायची की रोजची, हे ठरवणाऱ्यांत तिथल्या लोकांचा आवाज किती आहे, एवढाच प्रश्न उरतो.

होटगीच्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न चांगला कळतो. कुठल्याही गावची सकाळची एसटी फेरी बंद होते, तेव्हा ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याला फरक पडत नाही. कॉलेजला जाणारी मुलगी घरी बसते. भाजी घेऊन मंडईत जाणारी बाई दलालाला जागेवरच माल देते. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला जायची गरोदर सून पुढच्या आठवड्यावर ढकलते. कागदावर फक्त ‘प्रवासी कमी, फेरी रद्द’ असं लिहिलेलं असतं. किती बाया त्या फेरीवर अवलंबून होत्या ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, कारण कुणी मोजलेलंच नसतं.

म्हणून या महिन्यासाठी आमची एक विनंती. गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि दोन गोष्टी वहीत लिहा. एक, आपल्या गावातून कुठली गाडी, एसटी, टमटम किती वाजता जाते, आणि आपल्यातल्या किती जणी तिने जातात, कशासाठी जातात. ही यादी हातात असली तर फेरी बंद होण्याच्या आधीच डेपोत अर्ज देता येतो, आणि ग्रामसभेत ठराव मांडता येतो. दोन, गावात सत्तरी ओलांडलेल्या बाया असतील त्यांना विचारा, त्या सासरी कशा आल्या, माहेरी कशा जात होत्या. बैलगाडीने, लहान रुळांच्या गाडीने, चालत, की आणखी कशाने. मुंबईला गिरणीत नवरा असलेली, बोटीने आलेली कोकणची एखादी सून आपल्या गावात सापडली तर तिचं बोलणं जरूर लिहून घ्या.

आणि बैठक उठायच्या आधी पासबुकं सगळ्यांसमोर उघडा.